चार पंखे आणि एक उलटी प्रदक्षिणा

लढाऊ जहाज म्हटलं की माणसांना तोफा दिसतात. वर्तमानपत्रात एखाद्या जहाजाचा फोटो आला की आमच्या डोंबिवलीतले पुरुष ओट्यावर बसून तोफा मोजायचे. ते जहाज चालतं कशावर, हा प्रश्न त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी शिरला नाही. आपोआप चालत असावं, जशी त्यांच्या घरची चूल आपोआप पेटायची आणि चहा आपोआप ओट्यावर यायचा.

मला तोफांतलं काही कळत नाही. मला कळतात ते शाफ्ट, म्हणजे जहाजाचे पंखे फिरवणारे लांब दांडे. हौस म्हणून शिकले नाही मी ते. माझं लग्न नौदलाच्या इंजिनघरातल्या माणसाशी झालं आणि त्या माणसाला दुसरा विषयच नव्हता. लग्नानंतर मी पहिल्यांदा शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, तर ह्यांनी चार शेंगा आमटीतून उचलून ताटात शेजारीशेजारी मांडल्या. दोन लांब कडेला, दोन आखूड मध्ये. मग एकामागे एक दोन वाट्या ठेवल्या आणि म्हणाले, "हे बघ. मोठ्या क्रूझरला चार पंखे. चार पंख्यांना चार शाफ्ट. ही पुढची वाटी म्हणजे पुढचं इंजिनघर, ते कडेचे दोन शाफ्ट फिरवतं. ही मागची वाटी मधले दोन फिरवते."

"मग सगळं एकाच खोलीत का नाही ठेवत?" मी विचारलं. गप्प बसले असते तर जेवण लवकर झालं असतं.

"अगं, पाणसुरुंग लागला आणि एक खोली पाण्याने भरली, तर दुसरी जहाजाला घरी आणते ना! बॉयलरसुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत असतात. आणि अजून एक. मागून बघितलं तर उजवीकडचे दोन पंखे उजवीकडे फिरतात आणि डावीकडचे दोन डावीकडे. सगळे एकाच बाजूला फिरले, तर जहाजाची शेपूट एका अंगाला सरकते आणि नाक दुसऱ्या अंगाला. चारही उजवे फिरवलेस तर नाक डावीकडे जाणार. सरळ जायचं नाही ते."

आमटी गार झाली. ती बरी झाली होती की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

हे सांगण्यात बढाई होती आणि ती बढाई मला तेव्हा फार चढेल वाटायची. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांत नौदलातल्या खलाशांनी संप केला. जेवण गुरांना घालण्याच्या लायकीचं, वर साहेबांच्या शिव्या, कितीक दिवस सोसणार? संप मोडला आणि पुष्कळ जणांना बडतर्फ करून घरी पाठवलं, त्यांत हेही होते. ह्यांच्याच इंजिनघरातले काही जण मात्र कामावर राहिले. ते कसे राहिले, असं मी विचारलं, तर हे म्हणाले, "साहेबांनी काही विचारलं. मी उत्तर दिलं नाही." एवढंच. टर्बाइनवर तासभर बोलणारा माणूस ह्या विषयावर दोन वाक्यं बोलून थांबला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी तिखटमीठ लावून सांगणार नाही. बडतर्फ खलाशाला कोण उभं करणार? हे ठाण्याच्या कारखान्यांतून फिरले, कल्याणला फिरले. सगळीकडे आधी खुर्ची, मग बडतर्फीचा कागद आणि कागद बघितला की नमस्कार. मी कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवत होते म्हणून घरात दोन वेळा शिजत होतं. ह्यांच्याच भाषेत सांगायचं तर आमचं एक इंजिनघर बुडालं होतं आणि दुसऱ्यावर जहाज ओढत होतो. ह्यांना करायला काम म्हणाल तर पिठाच्या गिरणीचं तेलावरचं इंजिन बिघडलं की ते दुरुस्त करणं. मोबदल्यात दळण फुकट. ज्या माणसाने लढाऊ जहाज समुद्रात पळवलं, तो ज्वारीच्या पिठाने पांढरा होऊन घरी यायचा आणि ओट्यावरचे तोफामोजे त्याला बघून पाय आवरून घ्यायचे. जणू बडतर्फी पिठासारखी अंगाला लागते.

मग देश स्वतंत्र झाला. ज्या साहेबांनी ह्यांना हाकललं ते बोटीत बसून गेले, पण ह्यांना परत या म्हणायची कुणाला आठवण झाली नाही. पुढे आपल्या नौदलाने एक मोठी क्रूझर घेतली आणि ती मुंबईला आली. गावात नुसती धांदल! ज्यांनी खाडीपलीकडचं पाणी बघितलं नव्हतं ते आरमारावर व्याख्यानं द्यायला लागले. आणि एके दिवशी आमच्या दारात गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले.

हे गृहस्थ ठाण्याच्या एका कापडगिरणीत मोठ्या हुद्द्यावर होते. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, चालताना पोट आधी आणि आपण मागून. दोन वर्षं त्यांनी ह्यांच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं. आता म्हणाले, "यंदा आपल्या क्रूझरचा देखावा करायचा. गावात जाणकार माणूस तुमच्याशिवाय आहे कोण?"

मी आतून चहा टाकत ऐकत होते. पुढे जे आलं त्यासाठी ही सगळी साखर होती. ते म्हणाले, "आमच्या गिरणीच्या इंजिनघरात जागा निघतेय. आमचे इंजिनीअरसाहेब चतुर्थीच्या संध्याकाळी दर्शनाला यायचे आहेत. त्यांनी तुमचं काम डोळ्यांनी बघितलं आणि मी एक शब्द टाकला की तुमचं काम झालंच समजा. मग तो कागदबिगद कोण विचारतो?"

खरं सांगते, अध्यक्षांच्या चहात मी एक चमचा साखर जास्त टाकली. नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता हो. हे सकाळी डबा घेऊन बाहेर पडतील, संध्याकाळी तेलाचे हात घेऊन घरी येतील, ओट्यावरची मंडळी पाय आवरणार नाहीत, एवढंच मला हवं होतं.

ह्यांनी जहाज केलं ते रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून. लांबीला माझ्या दोन हातांएवढं. अध्यक्षांना ते जमिनीवर ठेवून वर झेंडा लावायचा होता, पण ह्यांनी हट्ट धरला की जहाज पाण्यात चाललं पाहिजे. आत यंत्र हवं, तर ह्यांची नजर माझ्या ग्रामोफोनवर गेली. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला, चावीचा. घरात चैनीची म्हणावी अशी तेवढी एक वस्तू. मी शाळेतून आले तर त्याचं पोट फाडून ठेवलेलं.

"अहो, हे काय केलंत?"

"ह्याच्यासारखं एका लयीत फिरणारं यंत्र गावात दुसरं नाही," हे म्हणाले. "तुझ्या वडिलांची निवड चांगली." म्हणजे चोरी करून वर प्रशस्तिपत्र.

पण ते जहाज बघायला मजा होती, हे मान्य करायला हवं. चावी एकच, तिच्यावर चार दोऱ्या आणि चार शाफ्ट. उजवीकडच्या दोन दोऱ्या सरळ; डावीकडच्या दोन मध्येच स्वतःवरूनच तिरप्या ओलांडून घेतलेल्या, म्हणजे ते शाफ्ट उलटे फिरतात. पिठाच्या गिरणीत पट्टा असाच ओलांडलेला असतो, कुणीही बघितलं असेल. डावीकडच्या पंख्यांची पातीसुद्धा उजवीकडच्यांच्या उलट पिळलेली. वरचा डेक झाकणासारखा उघडला की पुढचं इंजिनघर हिरवं, मागचं तांबडं. सुकाणू सरळ डाख देऊन पक्कं केलं, कारण जहाज सरळच जाणार होतं. मांडवात देवापुढे पत्र्याचं लांबरुंद टाकं ठेवायचं, अलीकडच्या टोकाला जहाज सोडायचं आणि त्याने नाकावर पेटलेलं निरांजन घेऊन सरळ गणपतीच्या पायांशी जाऊन थांबायचं, अशी ह्यांची योजना होती. इतक्या दिवसांत मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

मंडळाच्या सूचना रोज येत. तोफा लहान वाटतात, मोठ्या करा. डेकवर भारतमाता उभी करा. झेंडूची माळ सोडा. ह्यांनी सगळं ऐकलं. भारतमाता उभी केली तर जहाज एका अंगाला कललं, म्हणून दुसऱ्या अंगाला शिशाचा तुकडा घातला आणि कुणाला काही बोलले नाहीत.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी मांडवात चाचणी झाली. जहाज सुतासारखं सरळ गेलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात पूजा सांगणारे गुरुजी पुढे सरसावले. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, जहाज मागून न्याहाळलं आणि म्हणाले, "अहो, हे काय? हे दोन पंखे उजवे फिरतात, ते ठीक. ही प्रदक्षिणेची दिशा. पण हे दोन डावे! देवासमोर उलटी प्रदक्षिणा? चालायचं नाही."

मला वाटलं थट्टा करतायत. पण अध्यक्षांचा चेहरा गंभीर झाला. त्यांना शाफ्टातलं कळत नव्हतं, पण धर्मातलंही कळत नाही असं चारचौघांत दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं.

हे समजुतीने म्हणाले, "गुरुजी, आपण मागून बघतोय. बाप्पा समोरून बघणार. आपला उजवा तो त्यांना डावा दिसणार. मग दिशा कुणाची धरायची?"

गुरुजींनी ह्याचा विचार केला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. विचार जमला नाही म्हणून ते चिडले. "फाटे फोडू नका! वर्गणी देणारे इकडून बघणार आहेत."

"पण सगळे एकीकडे फिरवले तर जहाज सरळ जाणार नाही हो."

अध्यक्ष म्हणाले, "आपल्याला काय लंकेला जायचंय? टाक्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला तर जायचं! चारही पंखे उजवे करा. आणि हे बघा, उद्या साहेब यायचे आहेत. मला शब्द टाकायचा आहे. उगाच अडून बसू नका."

मी ह्यांच्याकडे बघत होते. साहेबांपुढे न वाकलेला माणूस आता काय करतो ते मला बघायचं होतं. हे मुकाट्याने खाली बसले, डेक उघडला, ओलांडलेल्या दोन दोऱ्या सोडल्या आणि सरळ लावल्या. मग पक्कड घेतली आणि डावीकडच्या पंख्यांची पाती एकेक करून उलटी पिळली. मला ह्यांचा राग आला, अगदी मनापासून. पाय आपटत घरी निघून आले.

चतुर्थीला संध्याकाळी मांडव गच्च भरला. गॅसच्या बत्त्या लावलेल्या, बाजूच्या पाड्यांवरचे शेतकरीसुद्धा बायकापोरं घेऊन आलेले. इंजिनीअरसाहेब आले. उंच, वाळके, कमी बोलणारे. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार. अध्यक्षांनी आरमारावर भाषण केलं. त्यात महाराजांचं नाव पुष्कळदा आलं, जहाज करणाऱ्याचं एकदाही नाही. मग ह्यांनी निरांजन लावलं, चावी सोडली आणि जहाज पाण्यात ठेवलं.

थोडंसं सरळ गेलं. मग नाक डावीकडे वळायला लागलं. आणखी वळलं. देव समोर राहिले आणि जहाजाने त्यांच्याकडे सरळ पाठ केली. भारतमातेसकट. तसंच वळत अलीकडे आलं, अध्यक्षांच्या पुढ्यातून निरांजन मिरवत गेलं, अध्यक्षांनी धोतर सावरून पाय वर घेतले आणि जहाज पुन्हा डावीकडे. गोल, गोल, डावीकडून.

मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण ओरडला, "जहाज प्रदक्षिणा घालतंय रे!" बायकांनी हात जोडले. आणि मग गुरुजींना कळलं की प्रदक्षिणा तर आहे, पण उलटी. चारही पंखे धर्माच्या बाजूने फिरवल्यावर सबंध जहाज अधर्माच्या बाजूने फिरत होतं. "थांबवा! थांबवा ते!" म्हणून ते इतके नाचले की त्यांचंच उपरणं टाक्यात पडलं. मी मेल्या मनाने गेले होते, पण तेव्हा पदर तोंडाला लावून हसले. आजही आठवलं की हसू येतं.

हसू टिकलं नाही. अध्यक्ष उभे राहिले आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माफ करा साहेब. ह्यांना नौदलातून काढलं ते उगाच नाही."

इंजिनीअरसाहेब उठून टाक्यापाशी आले, कोटाची बाही वर केली आणि जहाजाची शेपूट पाण्याबाहेर उचलली. एकेका पंख्यावरून बोट फिरवलं. डेक उघडून हिरवी खोली बघितली, तांबडी बघितली, शाफ्ट कुठून कुठे जातात ते बघितलं. त्यांच्या तोंडावर पसंती दिसत होती, हे मी शपथेवर सांगेन. मग डावीकडच्या पात्यांवर पक्कडीचे ओरखडे दिसले तिथे त्यांचं बोट थांबलं.

"मांडणी अगदी बरोबर आहे," ते ह्यांना म्हणाले. "बाहेरचे दोन पुढच्या खोलीतून, आतले दोन मागच्या. मग चारही पंखे एकाच बाजूचे कसे? हे मागाहून बदललेलं दिसतंय. कुणी करायला सांगितलं?"

अध्यक्ष धोतराच्या निऱ्या बघू लागले. गुरुजी उपरणं पिळत होते. एक वाक्य बोलायचं होतं हो, एकच. "ह्यांनी सांगितलं," म्हणायचं आणि बोट दाखवायचं. साहेब तेच उत्तर ऐकायला उभे होते, हे मांडवातल्या खांबालाही कळलं असतं.

हे म्हणाले, "मीच बदललं."

"का?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही.

साहेबांनी मग जहाज पाण्यात ठेवलं, हात पुसले आणि म्हणाले, "इंजिनघरात असं विनाकारण काही बदलणारा माणूस मला चालत नाही." प्रसाद घेऊन ते गेले. त्यांच्या मागोमाग अध्यक्ष पोट सावरत धावले.

घरी येताना मी रस्त्यात तोंड सोडलं. कोण ऐकतंय, कोण नाही, काही बघितलं नाही. "त्या गाढवांसाठी? तुम्हाला पिठात लोळवलं त्यांनी, तुमचं जहाज बिघडवलं, चारचौघांत अब्रू काढली, आणि तुम्ही त्यांना झाकता?"

हे जहाज काखेत घेऊन चालत होते. पाणी गळून सदरा भिजला होता. म्हणाले, "संप मोडला तेव्हा साहेबांनी हेच विचारलं होतं. कुणी सुरुवात केली, कुणी सांगितलं तुम्हाला. नाव सांगितलं असतं तर आज त्या नव्या क्रूझरवर असतो."

"अहो, ती तुमची माणसं होती! जिवाला जीव देणारी. ही कोण लागतात तुमची?"

"कुणी नाही," हे म्हणाले. "पण माझ्या तोंडून नाव जात नाही गं कुणाचं. माणूस बघून कसं ठरवू?"

मी त्यांना आणखी बरंच बोलले. ते सगळं खरं होतं आणि एकही शब्द मी मागे घेत नाही.

गिरणीतली ती जागा अध्यक्षांच्या मेहुण्याच्या मुलाला मिळाली. पुढच्या वर्षी मांडवात, थर्मोकोल नव्हता तेव्हा, कापसाचा हिमालय केला, आणि तो कुठल्याही बाजूला फिरत नसल्यामुळे सर्वांना पसंत पडला. ह्यांनी ग्रामोफोन मला परत जोडून दिला. तो थोडा घाईत गातो, एवढंच. मानपाड्याकडच्या शेतकऱ्यांची पंपाची इंजिनं, शीळफाट्याकडच्या खडीच्या मशीनचं इंजिन, असली कामं करत ह्यांनी आयुष्य काढलं. जहाज माळ्यावर राहिलं. एका सुट्टीच्या दिवशी ह्यांनी ते खाली काढलं, ग्रामोफोनचं यंत्र तेवढ्यापुरतं उसनं घेऊन त्यात बसवलं, दोन दोऱ्या पुन्हा ओलांडल्या, डावीकडची पाती पक्कडीने पिळून पूर्ववत केली आणि विहिरीजवळच्या हौदात सोडलं. ते सरळ गेलं. बघायला मी एकटी होते.

हे आता नाहीत. मी ह्या आठवणीत कुणाचंही नाव लिहिलेलं नाही, ते अध्यक्ष, ते गुरुजी, ती गिरणी, काही नाही. माझ्यावर असतं तर मी सगळी नावं ठळक अक्षरांत छापली असती, पत्त्यांसकट. पण ज्याचं नुकसान झालं त्यानेच ती कधी सांगितली नाहीत, तर मी कोण सांगणार? तेवढ्यापुरते त्या लोकांनी ह्यांचे उपकार मानावेत.